दोन ठोके

हातमोज्याचं एक बोट पाण्यात पडलं होतं. करवतीखालच्या ट्रेमधलं ते पाणी दुधासारखं पांढरं, त्यात लोखंडाच्या किसाचा ढीग, आणि ढिगावर पिवळ्या चामड्याचं ते टोक आडवं. त्याच्या आत काही आहे की ते नुसतंच आहे, हे वाकून बघायची मास्तरची हिंमत होईना. लाल बटण कधी दाबलं, पातं कधी थांबलं, झाकणाला वळसा घालून आपण पलीकडे कधी आलो, यातलं काहीही त्याला नंतर आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की कापता कापता पात्याचा आवाज क्षणभर मऊ झाला होता. कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या होत्या, तरी तो मऊपणा आत शिरला. लोखंड कापताना करवत ओरडते, किंचाळते, कधी नुसती कुरकुरते. सव्वीस वर्षांत ती मऊ कधी झाली नव्हती. पलीकडे मेव्हणा उभा होता आणि त्याच्या हातात एका बोटाने थोटा झालेला मोजा होता. मास्तरने वाट्या गळ्यात ओढल्या. "मोजाच आहे, दाजी," मेव्हणा म्हणाला, "फक्त मोजा आहे." आणि जेवायला बसण्याआधी मुलं आईला दाखवतात तसे त्याने दोन्ही हात आधी उताणे, मग पालथे करून दाखवले. मास्तरने बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. मग कुठून कोण जाणे, राग आला.

"मोजा घालून पात्याजवळ हात नेलास?" तो ओरडला. "किती वेळा सांगितलंय? माल उचलताना मोजा, पात्यापाशी उघडा हात. एक धागा दातात अडकला तरी ती अख्खा हात ओढून घेते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नाही? टेलर, तुला विचारतोय मी!" घरी तो मेव्हण्याला नावाने हाक मारायचा, पण शेडमध्ये सगळ्यांसारखा टेलरच म्हणायचा, कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मेव्हणा खरोखरच शिंपी होता. ओरडणं ऐकून दोन-चार जण हातातलं काम सोडून बघायला लागले, आणि काखेत कागदांची पाटी मारून सुपरवायझर आला. त्याने ट्रेमध्ये पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याला विचारलं, "ठोके दिले होतेस का?" मेव्हण्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मास्तरच बोलून गेला. "दिले होते. मला लागले ना हाताला. दोन्ही लागले. ठोके देऊन झाल्यावर याने परत हात घातला." मेव्हण्याने उघडलेलं तोंड मिटलं. त्याने मास्तरकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. अंगावर चढवलेल्या कपड्यात ओढ कुठे बसतेय ते शिंपी शोधतो, तसं काहीतरी त्यात होतं. "मग मला काही बोलायला नको," सुपरवायझर म्हणाला. "ठोक्यांनंतर हात घालणारा माणूस या शेडमध्ये राहत नाही. नियम तुमचा आहे मास्तर, माझा नाही. आज बदली माणूस नाही आणि पाचला गाडी येणार आहे, तेव्हा दिवस असाच काढा. संध्याकाळी दोघंही केबिनमध्ये या. कागद करू. तुमची सही लागेल त्यावर."

नियम खरंच त्याचा होता. म्हणजे मूळचा, त्याला काम शिकवणाऱ्या वस्तादचा, पण वस्ताद गेल्यावर तो भिंतीवर लिहून घेतला मास्तरने. ही करवत जुनी. ताटाएवढं गोल पातं, त्यावर पत्र्याचं मोठं झाकण, झाकणाच्या अलीकडे चालवणारा, पलीकडे माप लावणारा. पत्र्यामुळे एकाला दुसऱ्याचं फक्त डोकं दिसतं, हात दिसत नाहीत. शेडमध्ये तिला सगळे आत्याबाई म्हणायचे, कारण तिच्या डोक्यावर सतत पाणी घालावं लागे आणि तरी तिचा पारा उतरत नसे. अलीकडचा माणूस रॉड पुढे ढकलतो, पलीकडचा तो मापाच्या आडकाठीला टेकवतो, आधीचा तुकडा काढतो, पात्याखालचा कीस ब्रशने झाडतो, हात बाहेर घेतो, आणि मग लोखंडी पान्याने रॉडवर दोन ठोके देतो. एक ठोका म्हणजे थांब, अजून काम आहे. दोन म्हणजे हात मोकळे. शेडमध्ये इतका गोंगाट, कानांवर वाट्या, हाका मारून घसे फुटले तरी काही ऐकू येणार नाही. पण लोखंडातून ठोका येतो तो थेट तळहातात येतो. चालवणाऱ्याने डावा तळवा रॉडवर टेकवून उभं राहायचं. टक, टक. मग डावा हात उचलायचा, उजव्याने हिरवं बटण दाबायचं, पातं पुरतं वेगात येऊ द्यायचं आणि हळूच खाली आणायचं. इतकं साधं. नव्या माणसाला हे शिकवायला मास्तरला अर्धा तास लागे, आणि त्या अर्ध्या तासाच्या शाळेमुळेच त्याचं नाव मास्तर पडलं होतं. शाळेत त्याला स्वतःला कधी कोणी हुशार म्हटलं नव्हतं, त्यामुळे हे नाव त्याला मनातून फार आवडायचं.

आता तो पुन्हा उभा राहिला. रॉड ढकलला, तो घट्ट धरणारी व्हाइस आवळली, डावा तळवा टेकवला. टक, टक. लागले. स्पष्ट लागले. सकाळीही असेच लागले होते, अगदी असेच, मग आपण खोटं कुठे बोललो? पातं खाली आलं, रॉड ओरडायला लागला, पांढरं पाणी उडायला लागलं. त्याने ते सकाळचे ठोके पुन्हा मनात आणून पाहिले. पहिला जरासा जोरात, दुसरा हलका. की दोन्ही सारखे? मेव्हण्याची ठोके द्यायची तऱ्हा त्याला पाठ होती: पहिला टेकवल्यासारखा, दुसरा नेमका, कापडावर खडूची खूण करून तिच्यावर पुन्हा बोट दाबावं तसा. सकाळचा दुसरा ठोका तसा होता का? त्याला सांगता येईना. नव्वद तुकड्यांपैकी बत्तीस झाले होते. दहाव्या वेळी जे घडलं ते अकराव्या वेळच्या खाली झाकलं जातं, आणि तेहेतिसाव्या वेळी माणूस कशाची खात्री देणार? पण सुपरवायझरसमोर खात्री दिली होती आपण. विचारलं मेव्हण्याला होतं, आणि उत्तर आपण दिलं होतं, तेही इतक्या घाईने की जणू कोणीतरी मागून ढकललं. कशाची घाई होती? गाडी पाचला येणार होती, ती नव्हे. ती घाई वेगळी होती, तिला वास होता, आणि तो वास त्याने आज पहिल्यांदाच घेतला नव्हता.

सकाळी बायकोने चहाचा स्टीलचा ग्लास पुढे ठेवला होता. वर्तमानपत्रातून नजर न काढता त्याने तो डाव्या हाताने उचलला आणि तसाच धरून राहिला. "अहो, भाजत नाही का?" ती म्हणाली. "कामाचा हात आहे हा," तो म्हणाला, "तुझ्या भावासारखा सुईदोऱ्याचा नाही." ती हसली नाही. तिने पदराने धरून तो ग्लास त्याच्या हातातून काढून घेतला आणि तळव्याकडे पाहिलं. तळवा लालबुंद झाला होता. तो मग उठून उगाचच गाडीच्या किल्ल्या शोधायला लागला. किल्ल्या खिशातच होत्या. खिशात हात घालून त्याला त्या सापडत नव्हत्या, हेही काही आजचं नव्हतं. शर्टाची बटणं तो हल्ली आरशात बघून लावायचा. कपडे बदलायच्या खोलीत आरसा नाही, म्हणून तिथे भिंतीकडे तोंड करून, मान मोडेपर्यंत खाली घालून लावायचा, आणि बाह्यांची तशीच सोडून द्यायचा. उकडतंय म्हणायचं. कंपनीच्या डॉक्टरने गेल्या तपासणीत त्याला डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी टोचली होती. टोचलं की सांगा. मास्तरने डोळे अर्धवट मिटले होते आणि डॉक्टरच्या कोपराकडे बघत, कोपर हललं की "लागलं" म्हटलं होतं. बाहेर आल्यावर त्याला स्वतःच्या चलाखीचं हसू आलं होतं. डॉक्टरला फसवणं म्हणजे काय, लहानपणी औषधाची पुडी खिडकीतून टाकण्यासारखं! रात्री हाताला मुंग्या येतात, उतरतील. थंडी आहे, गेली की जातील. थंडी गेली, मुंग्याही गेल्या, आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. त्या काहीच नसण्याला त्याने आठ महिने नाव दिलं नव्हतं. टक, टक. तो दचकला. डावा हात उचलला, आणि हिरव्या बटणावर गेलेलं उजवं बोट तिथेच थबकलं. आत्ता लागले ते दोन होते का? पलीकडे मेव्हण्याचं डोकं हललं नाही. मास्तर झाकणाला वळसा घालून पलीकडे गेला. मेव्हणा आडकाठीपासून दोन पावलं मागे, हात खिशात घालून उभा होता. पाना त्याच्या काखेत होता. "काय झालं?" मेव्हण्याने विचारलं. "काही नाही," मास्तर म्हणाला, "माप बघतोय."

या माणसाला इथे त्यानेच आणलं होतं. तयार कपड्यांचे गठ्ठे बाजारात आले तसं मेव्हण्याच्या दुकानात फाटलेल्या खिशांखेरीज काही येईनासं झालं, आणि एक दिवस त्याने मशीन विकून शटर ओढलं. वर्षभर घरी बसून होता. मास्तरची बायको रोज ऐकवायची असं नाही, पण ताट वाढताना तिचा हात जड व्हायचा. शेवटी मास्तरनेच म्हटलं, येऊ दे शेडमध्ये, माझ्या नजरेसमोर राहील. तेव्हा ती म्हणाली होती, "त्याचे हात तेवढे जपा हं. त्याच्याजवळ दुसरं आहे काय?" मास्तरला राग आला होता. करवतीवर सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हात जपायला शिकवतेस? पण बोलणं खोटं नव्हतं. मेव्हण्याची बोटं लांब, टोकाला निमुळती. डोळे मिटून तो सुई ओवू शके. शेडमधल्या लोकांनी एकदा पैज लावली आणि हरले. सकाळी त्याची बायको लवकर कामावर जाते, म्हणून मुलीच्या दोन वेण्या तो घालतो, आणि अशा घालतो की संध्याकाळपर्यंत केस जागचा हलत नाही. नजरेसमोर राहील, असं आपण म्हणालो होतो. नजरेसमोर तर तो नव्हताच. पत्र्याच्या पलीकडे होता, आणि संध्याकाळनंतर कुठेच नसणार होता. आपण फक्त सही करायची होती.

जेवणाच्या सुट्टीत मेव्हणा नेहमीप्रमाणे डबा लवकर संपवून कोपऱ्यात बसला आणि कोणाच्या तरी डगल्याचा उसवलेला खिसा शिवायला लागला. आज त्याच्याभोवती कोणी नव्हतं. बातमी फिरली होती. काढून टाकायच्या माणसाशी काय बोलायचं, हे लोकांना कळत नाही. ते लांबून सहानुभूती दाखवतात आणि डबा घेऊन दुसरीकडे बसतात. मास्तरही दुसरीकडे बसला. दोन घास खाल्ले, तिसरा फिरायला लागला. उठून शेडच्या मागच्या बाजूला गेला. तिथे लोखंडी मांडणीवर नवे रॉड रचलेले होते, आणि त्या वेळी तिकडे चिटपाखरूही नसे. उन्हाची एक पट्टी मांडणीच्या पायापर्यंत आलेली. शेडमधली सगळी यंत्रं बंद होती आणि इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. त्याने डावा तळवा एका रॉडवर टेकवला आणि डोळे मिटले. या वेळी खरोखर, पूर्ण मिटले. गार लागलं का? लोखंड गार असतं हे त्याला माहीत होतं, पण माहीत असणं आणि लागणं यांतलं अंतर त्याला आज पहिल्यांदा मोजता आलं. तो थांबला. टक, टक. त्याने डोळे उघडले. कोणी नव्हतं. रॉडच्या दोन्ही टोकांना त्याने जाऊन पाहिलं, मांडणीच्या खाली वाकून पाहिलं. मांजरसुद्धा नव्हतं. पुन्हा तळवा टेकवला. टक, टक. मग त्याने तो हात भिंतीला लावला. नळाच्या पाइपला लावला. शेवटी एका फळकुटावर बसून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. सगळीकडे तेच. जिथे वाट बघावी तिथे दोन ठोके येत होते, पहिला जरासा जोरात, दुसरा हलका, आणि ते बाहेरून येत नव्हते. ते त्याच्याच रक्ताचे होते, किंवा सवयीचे, किंवा नुसत्या इच्छेचे. किती महिने? रोजचे नव्वद, कधी शंभर. त्यांतल्या किती वेळा पलीकडून पाना वाजला होता आणि किती वेळा आपण आपल्यालाच परवानगी दिली होती? आणि तेवढ्या प्रत्येक वेळी ती लांब बोटं कुठे होती?

दुपारी तो प्रत्येक कापणीला फिरला. रॉड ढकलायचा, आवळायचा, तळवा टेकवायचा, ठोके लागायचे, तरी झाकणाला वळसा घालून जायचं, मेव्हण्याचे हात बघायचे, परत यायचं आणि मगच हिरवं बटण. पाचव्या फेरीला शेजारच्या यंत्रावरचा माणूस हसला. आणि त्या हसण्याबरोबर मास्तरला वस्ताद दिसला. वस्तादच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तो कीस झाडत असताना कोणीतरी हिरवं बटण दाबलं होतं, आणि त्यानंतर त्याने ठोक्यांची ही पद्धत काढली. आपली नोकरी संपायच्या आधीचं शेवटचं वर्ष वस्ताद असाच फिरायचा. प्रत्येक कापणीला एक फेरी. मास्तर तेव्हा माप लावणारा होता, पलीकडच्या बाजूचा. "म्हातारा फेऱ्या मारतोय," असं म्हणून सगळे मजा करत, आणि फेऱ्या मोजायला खांबावर खडूच्या रेघा ओढायचं काम मास्तरने हौसेने अंगावर घेतलं होतं. एकदा त्याने तोंडावरच विचारलं, "वस्ताद, वजन कमी करताय का?" वस्ताद "हो" म्हणाला आणि परत आपल्या बाजूला गेला. जाताना पाना मास्तरच्या हातात देऊन गेला. इतकी वर्षं मास्तरला वाटत होतं की त्या पान्याबरोबर वस्तादने त्याला सगळं दिलं. सगळं नव्हतं दिलं. एक गोष्ट मूग गिळून स्वतःपाशी ठेवली होती, आणि मास्तरला म्हाताऱ्याची दया आली, आणि लगेच त्याचा संतापही आला. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? पण काय बिघडलं असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. चावी गेली असती. गळ्यातल्या दोरीला करवतीच्या मेन स्विचची चावी होती, ती. ती काढल्यावर बावन्न वर्षांच्या माणसाचं उरतं काय? फाटकापाशी खुर्ची देतील, आल्या-गेल्याची नोंद करा म्हणतील. नवी माणसं विचारतील, याला मास्तर का म्हणतात?

"आज काय पाय मोकळे करायचा दिवस आहे का?" सुपरवायझर मागे येऊन उभा होता. "सकाळच्या निम्मा वेग आहे तुमचा." "मोज्याच्या भानगडीनंतर जरा जपून," मास्तर म्हणाला. "जपून करा, पण करा." तो गेला. मेव्हण्याने हे ऐकलं असावं, पण ब्रशने कीस झाडत राहिला. आज त्याने एकदाही दाजींना टोकलं नव्हतं, एकदाही स्वतःची बाजू मांडली नव्हती, आणि त्याचं ते गप्प राहणं मास्तरला शिवीपेक्षा जास्त लागत होतं. बोल ना बाबा. म्हण की तुम्ही खोटं बोललात. भांड. म्हणजे मलाही ओरडता येईल. पण मेव्हणा रॉड आडकाठीला टेकवायचा, मागे सरायचा, हात खिशात घालायचा. शेवटचा तुकडा पडला तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. मास्तरने लाल बटण दाबलं, पातं पुरतं थांबेपर्यंत उभा राहिला, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातलं आणि चावी गळ्यात परत टाकली. चावी छातीला गार लागली. छातीला सगळं कळत होतं.

केबिनमध्ये पंखा होता आणि कागदावर पाण्याचा पेला ठेवलेला होता. सुपरवायझरने पेला उचलून कागद त्याच्याकडे फिरवला. हकीकत चार ओळींत होती: ठोके दिल्यानंतर, मोजा घातलेला हात, स्वतःच्या निष्काळजीपणाने. "वाचा आणि इथे सही करा," तो म्हणाला. मास्तरने उजव्या हाताने पेन घेतलं आणि कागद सरकू नये म्हणून डावा हात त्यावर ठेवला. टेबलावर ठेवलेल्या त्या हाताला दोन ठोके लागले. आता हे इथेसुद्धा! त्याला एकदम हसू आलं, आणि हसू ओठांपर्यंत येऊन थांबलं. सही केली की संपलं. बायकोला सांगायचं, त्याने मोजा घातला होता, मी तरी काय करणार. ती विश्वास ठेवेल. आणि उद्या पत्र्याच्या पलीकडे दुसरा कोणी उभा राहील, दुसरी दहा बोटं.

"साहेब, ठोके मला लागले, असं मी सकाळी म्हणालो."

"हो. तेच लिहिलंय."

"मला ते रोज लागतात. कोणी दिले नाहीत तरी लागतात."

सुपरवायझरने मान वर केली. "म्हणजे?"

"डाव्या हाताला कळत नाही माझ्या. आठ महिने झाले. टाचणी कळत नाही, डॉक्टरसमोर मी डोळे अर्धवट मिटून लागलं म्हटलं. गरम कळत नाही. ठोके कळतात ते माझे मलाच." आता थांबलं तर परत तोंड उघडणार नाही हे त्याला माहीत होतं. "सकाळी याने ठोके दिले होते की नव्हते, ते मला सांगता येत नाही. येत नसताना मी सांगितलं. ते कागदावर लिहा. करवत मी चालू केली."

पंख्याने कागदाचं टोक उचललं, खाली ठेवलं. सुपरवायझर मेव्हण्याकडे वळला. "टेलर, दिले होतेस?"

"नाही."

"मग सकाळी तोंडाला कुलूप का लावलंस? आणि हात आत होता तर बोट वाचलं कसं तुझं?"

"हात आत नव्हता, साहेब. खिशात होता." मेव्हण्याने डगल्याच्या खिशातून पिवळ्या चामड्याचं ते टोक काढून टेबलावर ठेवलं. ते वाळून कडक झालं होतं. "मोजा मी रॉडवर ठेवला होता. रिकामा. आणि ठोके दिले नाहीत. मला बघायचं होतं."

मास्तरला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. मेव्हणा त्याच्याकडे न बघता सुपरवायझरला सांगत होता. तीन आठवड्यांपूर्वी एकाच ठोक्यावर करवत चालू झाली होती. नंतर आणखी एकदा झाली. तेव्हापासून तो आधी दोन पावलं मागे सरायचा, एक हात खिशात घालायचा, दुसऱ्याने लांबून पाना वाजवायचा. "माझं काय, मला माहीत झालं. पण मी आजारी पडलो, माझ्या जागी कोणी आला, तर त्याला कोण सांगणार? नुसता संशय घेऊन तुमच्याकडे येणार कसा? माझ्या ताईचा नवरा आहे तो."

"अरे, पण सकाळी सगळ्यांसमोर तुझ्यावर आलं तेव्हा तरी बोलायचंस!"

"ते दाजींनी सांगायचं होतं," मेव्हणा म्हणाला. "मी संध्याकाळपर्यंत थांबणार होतो."

सुपरवायझरने तो कागद फाडला, कोरा घेतला, आणि हात पुढे केला. "चावी." मास्तरने दोरी डोक्यातून काढली. "उद्या डॉक्टरकडे. आणि या वेळी डोळे नीट मिटा. करवतीचं पुढे बघू, पण तुम्ही तिच्यावर उभे राहणार नाही, हे आत्ताच सांगतो. आणि टेलर, पात्याखाली वस्तू ठेवलीस म्हणून तुझ्याही नावाने कागद होणार आहे. तू काही फार मोठा पराक्रम केलेला नाहीस." "नाही, साहेब," मेव्हणा म्हणाला.

कपडे बदलायच्या खोलीत दोघंच होते. बाकीचे हात धुऊन निघून गेले होते, नळ कोणीतरी अर्धवट सोडला होता. मास्तरने शर्ट अंगात घातला आणि सवयीने भिंतीकडे तोंड केलं. गळ्यात चावी नव्हती, तिथे सारखा हात जात होता. "मेव्हणा असून माझी परीक्षा घेतोस?" तो भिंतीला म्हणाला. "मेव्हणा आहे म्हणून मोजा ठेवला," मागून उत्तर आलं. "परका असता तर पहिल्याच दिवशी केबिनमध्ये गेला असता." मास्तर काही वेळ बटणाशी झटत राहिला. काज सापडलं तर बटण सुटायचं, बटण धरलं तर काज. "आणि मी चालू केली नसती तर?" "तर मोजा वाचला असता. आणि असला संशय घेतला म्हणून मी घरी जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती." मेव्हण्याने अर्धवट सुटलेला नळ बंद केला. "दिवसभर मला तेच वाटत होतं, दाजी. चालू केली नसती तर किती बरं झालं असतं."

मास्तरने बटणाचा नाद सोडला. तो वळला, उघड्या शर्टाने मेव्हण्यासमोर उभा राहिला. इतक्या महिन्यांत या खोलीत तो पहिल्यांदाच असा उभा होता, आणि मेव्हणा चकित झाला नाही, म्हणजे तेही त्याला ठाऊक होतं. "लाव," मास्तर म्हणाला. मेव्हण्याने वरून सुरुवात केली. तो बटणांकडे बघतही नव्हता. दुसरीकडे बघत, एकेक काज बोटांनीच शोधत खाली येत होता. "हे तिसरं सैल झालंय," तो म्हणाला, "रविवारी आणून द्या, टाका मारतो. ताईला कोण सांगणार?" "मी सांगतो," मास्तर म्हणाला, "तू बरोबर चल फक्त." मग त्याने बाह्या पुढे केल्या, आधी उजवी, मग डावी. बाहीचं बटण लावताना मेव्हण्याची बोटं त्याच्या डाव्या तळव्याला लागत होती, लागत असणार. मास्तरला कळत नव्हतं, म्हणून तो बघत राहिला.